आजोबांचा रेझर माळ्यावर सापडलाय – वापरण्याआधी उकळू की नको?

ब्रेकव्हॅन

भुसावळचं घर विकायचं ठरलंय, म्हणून गेल्या आठवड्यात मी आणि आत्या माळा उपसत होतो. आजोबा रेल्वेत गार्ड. त्यांची ती काळी पत्र्याची पेटी अजून होती. ज्यांच्या घरी गार्ड होते त्यांना वेगळं सांगायला नको. झेंडे, दिवा, शिटी, स्टोव्ह, डबा, सगळा संसार तिच्यात. तळाशी पंचाच्या तुकड्यात गुंडाळलेला एक रेझर निघाला. आत्या म्हणाली, "अण्णा ब्रेकव्हॅनमध्येच, गाडीच्या शेवटच्या गार्डाच्या डब्यात, दाढी उरकायचे. मालगाडी एकदा बाजूला काढली की दोन-दोन तास हलायची नाही."

रेझर तीन भागांचा आहे. वरची टोपी, मधली पट्टी आणि खाली दांडी. पट्टीच्या खालच्या बाजूला गिलेट आणि मेड इन इंग्लंड एवढं वाचता येतं. इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून बघितल्यावर गिलेटचं 'टेक' नावाचं मॉडेल वाटतोय. आत ब्लेड तसंच आहे, गंजून टोपीला चिकटलेलं. पट्टीच्या खाचांत पांढरट खडूसारखा थर, दांडीच्या मानेशी हिरवं काहीतरी. दांडी फिरत नाही. आजोबा १९९१ मध्ये गेले, म्हणजे तेव्हापासून याला कुणाचा हात लागलेला नसणार.

मला हा वापरायचाय. बायको म्हणते शोकेसमध्ये ठेव. आई म्हणते, दुसऱ्याचा कंगवा, टॉवेल आणि वस्तरा वापरू नये, मग तो सासऱ्यांचा का असेना. आता प्रश्न असे: उकळून घेतला की भागेल का? डेटॉल पुरेल का? धनुर्वात, कावीळ वगैरेंची भीती खरी की उगाच? आणि पेटीत दाढीचा ब्रशही आहे, अर्धे केस झडलेला. तोही धुऊन वापरावा का?

निवांत_नाना

कुकरमध्ये घाला, चार शिट्ट्या काढा, विषय संपला. हॉस्पिटलात याहून वेगळं काय करतात?

पेठी_पुणेकर

चिंच आणि राख. आमच्याकडे देवाची भांडी शंभर वर्षं अशीच लख्ख राहिली आहेत. कसली रसायनं घेऊन बसलात!

कासारीण

पेठीभाऊ, थांबा. देवाची भांडी आरपार पितळेची असतात. रेझरही आतून पितळेचाच, पण वर निकेलचा मुलामा. काहींवर चांदीचा, तर काहींवर सोन्याचा. हा मुलामा कागदाहून किती तरी पातळ असतो. चिंचेची आंबटाई आणि राखेची कच दोन्ही त्याला खातात. घासाल तेवढं चकचकीत होईल, पण ते चकाकणं मुलाम्याचं नाही, खालच्या पितळेचं. तांब्या-पितळेसाठी पावडरी मिळतात त्यांनाही हेच लागू. धातू उजळवायची पांढरी पेस्ट मिळते तीही कचीचीच, सोन्याच्या मुलाम्यावर तर एकदासुद्धा नको.

मी हे अनुभवावरून बोलते आहे. सासऱ्यांचा सोनेरी रेझर असाच उत्साहाने घासला होता. दहा मिनिटांत सोनं फडक्यावर आणि रेझर पिवळाजर्द. त्यांनी एक शब्द उच्चारला नाही. त्याचंच जास्त लागलं.

ब्रेकव्हॅन, तुमच्याकडचं हिरवं म्हणजे कळंक. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तोच प्रकार. मानेशी मुलामा उडालेला असणार आणि तिथे ओल राहिली असणार. पितळ लोखंडासारखं गंजत नाही. पट्टीवर तांबूस डाग असतील तर ते ब्लेडच्या गंजाचे आहेत, रेझरचे नाहीत. ते बहुतेक निघतात.

निवांत_नाना

मग कल्हईच करून घ्या की. तांबट आळीत अजून कुणी ना कुणी करतं.

कासारीण

नाना 😀 कल्हई म्हणजे कथील. भांडं चांगलं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील कापसाने फिरवायचं. रेझरच्या बारीक आट्यांत ते कथील जाऊन बसलं की दांडी जन्मात फिरणार नाही. परत मुलामा द्यायचाच झाला तर एमआयडीसीत निकेल प्लेटिंगवाले असतात. पण आधी साफ तर होऊ द्या. वापरून गुळगुळीत झालेल्या वस्तूला नवा मुलामा द्यायची मला तरी हौस नाही.

औषधी_कडू

मी डॉक्टर आहे, त्वचेचा नाही, पण हा प्रश्न तसा सगळ्याच डॉक्टरांचा. दोन कामं वेगळी ठेवा. पहिलं धुणं, दुसरं निर्जंतुक करणं. लोक पहिलं गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात. साबणाच्या थराखाली किंवा वाळलेल्या रक्ताखाली बसलेल्या जंतूपर्यंत कुठलंच औषध नीट पोहोचत नाही. आधी घाण गेली पाहिजे.

आता भीतीबद्दल. कावीळ बी म्हणजे हेपटायटिस बीचा विषाणू बाहेरच्या पृष्ठभागावर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. एचआयव्ही त्यामानाने फार नाजूक, शरीराबाहेर त्याचा लवकर निकाल लागतो. म्हणून घरातल्या माणसांनीसुद्धा एकमेकांचा रेझर वापरू नये, तुमच्या आईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण तीस-पस्तीस वर्षं पेटीत पडलेल्या रेझरमधून विषाणूची भीती धरण्यात अर्थ नाही. काल-परवापर्यंत कुणी वापरलेला, जुन्या बाजारातून उचललेला रेझर असता तर माझा सूर वेगळा असता.

धनुर्वाताचे जंतू मात्र बीजाणूच्या रूपात वर्षानुवर्षं राहतात. ते गंजात नसतात, मातीत असतात. गंजका खिळा बदनाम झाला कारण तो मातीत पडलेला असतो आणि खोल रुततो. तुमची लस दहा वर्षांत झाली नसेल तर घेऊन टाका, रेझर असो नसो.

कृती अशी. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, अर्धा तास भिजत. मऊ टूथब्रशने खाचा. स्वच्छ धुऊन कोरडा करा. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा, नुसतं फडक्याने पुसून भागत नाही. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळतं तेही चालेल. ९९ टक्केवालं जास्त जहाल म्हणून आणू नका. प्रथिनं गोठवायला थोडं पाणी लागतं, आणि शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. सॅनिटायझरची जेल नको, ती खाचांत चिकट राहते. आणि हे सगळं गॅसच्या ओट्यावर करू नका, स्पिरिट भडकतं.

डेटॉल वाईट नाही, पण त्यानंतर धुवावं लागतं आणि रेझरला आठवडाभर दवाखान्याचा वास येतो. स्पिरिट आपोआप उडून जातं, म्हणून माझी पसंती त्याला.

ब्रश फेकून द्या. त्याबद्दल सवडीने लिहितो, ओपीडीची वेळ झाली.

निवांत_नाना

म्हणजे कुकर नाहीच?

औषधी_कडू

कुकरचा विचार तत्त्वतः बरोबर आहे. १५ पौंडाच्या दाबाला वाफ १२१ अंशांपर्यंत जाते आणि बीजाणूही मरतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे तेच. पण आतली हवा पुरती निघून गेली पाहिजे, वेळ मोजला पाहिजे, चार शिट्ट्या हे काही माप नाही. मुख्य म्हणजे इथे त्याची गरजच नाही. आपण ऑपरेशन करत नाही आहोत. नव्या ब्लेडनेच दाढी होणार आहे, गालाला धार नव्या ब्लेडची लागणार.

कासारीण

आणि जुना मुलामा कुठे सुटलेला असेल तर एकदम उकळतं, मग एकदम गार, असं झालं की त्याचे पोपडे उठू शकतात. दांडी प्लास्टिकची असेल तर बोलायलाच नको. कोमट-गरम पाणी पुरे. हाताला सोसवेल इतकं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे शनिवारच्या बाजारात जुने रेझर ढिगाने मिळतात, त्यामुळे माझ्याकडे आता सात आहेत (घरात आकडा तीन सांगितला आहे). तुमचा रेझर तीन भागांचा आहे हे नशीब समजा. माझा सुपर स्पीड (गिलेटचंच दुसरं मॉडेल) उघडून सुटा करता येत नाही. बुडाची कळ फिरवली की वर दोन पाकळ्या उघडतात, ब्लेड आत ठेवायचं, परत फिरवायचं. दिसायला झकास, पण पोटात साठ वर्षांचा साबण. तो गरम साबणाच्या पाण्यात पाकळ्या उघड्या ठेवून तीनदा भिजवला, दरवेळी पाणी ताकासारखं झालं. मग सुकवून सांध्यांत लिक्विड पॅराफिनचा एकेक थेंब. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

अमेरिकेत बनलेल्या गिलेटवर १९५१ पासून एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. माझ्यावर झेड-४ आहे, म्हणजे १९५४ ची शेवटची तिमाही. १९५८ ते ६१ मधला गिलेटचा जाडजूड 'फॅटबॉय' मिळाला तर आधी घ्या, मग घरी काय सांगायचं ते ठरवा. टेक त्या सगळ्यांच्या आधीचा, १९३८ पासूनचा. पुढे तो कितीतरी वर्षं बनत राहिला, त्यामुळे नुसत्या नावावरून वय ठरत नाही.

इथल्या न्हाव्यांकडे काचेच्या उंच बरणीत निळं पाणी असतं, त्यात कंगवे उभे. ते बार्बिसाइड. १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या मॉरिस किंग यांनी काढलं. पातळ करून दहा मिनिटं बुडवायचं. एका रेझरसाठी बाटली आणण्यात अर्थ नाही, स्पिरिटच बरं.

तुरटीचा_खडा

व्हिनेगरचं काय? साबणाचा पांढरा थर साध्या साबणाने निघत नाही असा माझा अनुभव आहे.

कासारीण

तो थर नुसता साबण नसतो. जड पाण्यातला चुना आणि साबण मिळून झालेला चिवट राप. बोअरच्या पाण्याच्या गावात बादलीला बसतो तोच. व्हिनेगर त्याला सोडवतं खरं. निम्मं पाणी घालून पाच मिनिटं, डोळ्यांसमोर, मग लगेच भरपूर पाणी. आधी दोनदा साबणाने प्रयत्न करून मगच.

तुरटीचा_खडा

पाच मिनिटं हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी रात्रभर ठेवला होता. सकाळी पट्टीचा रंग गुलाबी. पितळेतलं जस्त निघून गेलं आणि तांबं वर आलं म्हणे. अजूनही तसाच गुलाबी आहे, बायकोला तो आता आवडायला लागलाय.

खुसपट

ब्लीच वापरा की. करोनात सगळं त्यानेच पुसत होतो.

औषधी_कडू

नको! ब्लीच जंतू मारतं, पण निकेल, पितळ, पोलाद सगळ्यांना खातं. आणि वर व्हिनेगरची चर्चा चालू आहे म्हणून ठळक सांगतो: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात हे करू नका. ब्लीच आणि अमोनियाही नाही.

आता ब्रश. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना आणि साध्या नागरिकांनाही दाढीच्या ब्रशमधून अँथ्रॅक्स झाला होता. ब्रशसाठी घोड्याचे केस वापरले जात, ते नीट निर्जंतुक न करताच आलेले असत. गालावर बारीक कापलं की त्यातून बीजाणू आत. हे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. तुमच्या आजोबांचा ब्रश त्या काळातला नसणार, त्यामुळे घाबरवायचा हेतू नाही. पण अज्ञात प्राण्याचे, अर्धे झडलेले केस वाचवण्यात शहाणपण नाही. धातू स्वच्छ होतो, केसांच्या बुडाशी काय आहे ते दिसत नाही. मूठ आवडत असेल तर ठेवा आणि नवे केस बसवून घ्या.

धोकटीवाला

आमची तिसरी पिढी या धंद्यात. आज्याची धोकटी अजून घरात आहे: वस्तरा, चामड्याचा पट्टा, पथरी, पितळी वाटी, तुरटी. तेव्हा एकच वस्तरा सगळ्या गावाला. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसता बसता म्हणायला लागलं, "नवं ब्लेड टाका हं." तेव्हापासून आम्ही ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो, अर्ध्या ब्लेडचा वस्तरा, गिऱ्हाईक उठलं की तुकडा डब्यात.

अडकलेल्या दांडीबद्दल सांगतो, कारण वर कुणीच नीट सांगितलं नाही. पक्कड लावू नका. दांडीवरची नक्षी कायमची चेपते. साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, बाहेर काढून मशीनच्या तेलाचा थेंब आट्यांपाशी, रात्रभर तसाच. सकाळी दांडीला रुंद रबरबँड गुंडाळून फिरवा. सुटतो. आणि सुटताना ब्लेड आत आहे हे विसरू नका, टोपी टोकांकडून धरा, लांब बाजूंकडून नाही. गंजकं ब्लेडसुद्धा कापतं, वेडंवाकडं कापतं.

सुटल्यावर पट्टी काचेवर पालथी ठेवून बघा. डुगडुगली तर कधीतरी पडून वाकलेली आहे. मग ब्लेड एका बाजूला जास्त बाहेर येणार आणि कितीही धुवा, गाल सोलणारच. नवं ब्लेड बसवून दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते समोरून डोळ्याने तपासा. माझ्या मते जंतूंपेक्षा हे महत्त्वाचं.

एडिसनकर

शेवटच्या वाक्याला +१. माझ्या सातांपैकी दोन याच कारणाने नुसते शोभेचे आहेत.

खुसपट

पण आजचं ब्लेड त्यात बसतं का? की जुनी ब्लेडही शोधायची?

एडिसनकर

बसतं. किंग गिलेट यांना १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं, त्या वेळच्या रेझरमध्येही आजचं ब्लेड बसतं. विक्री त्याआधी वर्षभर सुरू झाली होती, पहिल्या वर्षी सगळे मिळून ५१ रेझर खपले. पंधरा वर्षांनी एकट्या अमेरिकी सैन्यासाठी ३५ लाख! त्यामुळेच आज बाजारात एवढे जुने मिळतात. तुमच्याकडे सेव्हन ओ'क्लॉक नाहीतर टोपाझ कुठल्याही वाण्याकडे मिळेल. जुनी ब्लेड मात्र पाकीटबंद सापडली तरी वापरू नका. १९६० च्या आधीची साध्या पोलादाची, आतून गंजलेली असतात.

पेठी_पुणेकर

एवढा उपद्व्याप एका दाढीसाठी! आमचे तीर्थरूप नळाखाली धुऊन वापरायचे आणि ऐंशी वर्षं जगले.

कासारीण

स्वतःचाच रेझर होता ना तो. हलकेच घ्या.

ब्रेकव्हॅन

सर्वांचे आभार. रविवारी बसलो एकदाचा. वृत्तांत देतो.

धोकटीवाल्यांचं ऐकून शनिवारी रात्री तेल सोडून ठेवलं. सकाळी पहिल्या वेळी हललाच नाही. परत गरम पाणी, परत रबरबँड, आणि मग एकदम 'कट्' करून सुटला. ब्लेड टोपीला चिकटलेलंच होतं, ते पाण्यात वीस मिनिटांनी आपोआप सरकलं. दुधाच्या पावडरीच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून त्यात टाकलं. आता सगळी ब्लेड त्यातच जातील. कचरा उचलणाऱ्या मावशी हातानेच पिशवी दाबून बघतात, नुसतं कागदात गुंडाळून ठेवायची माझी आजवरची सवय किती वाईट होती ते लक्षात आलं.

साबणाच्या पाण्याने तीनदा. पांढरा थर बराच गेला, खाचांतला राहिला, त्याला पाच मिनिटं व्हिनेगर, घड्याळ लावून. पाणी ओतताना वास आला. चंदनाचा नाही, फुलांचा नाही, जुन्या साबणाचा. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, अण्णा कपड्याच्या साबणाच्या तुकड्याने दाढी करायचे, दाढीचा साबण घ्यायचा तर तो नोकरी लागलेल्या पोरांनी घ्यावा असं त्यांचं मत होतं. म्हणजे तो राप सगळा बार साबणाचा. थोडा वेळ ते पाणी तसंच ठेवलं. मग ओतलं.

कळंक लिंबू न लावता, साबण आणि लाकडी टूथपिकने काढला. खाली पितळेचा मोहरीएवढा ठिपका उघडा पडलाय. दांडीवर अंगठा येतो तिथेही मुलामा झिजलाय, तो काही मी केलेला नाही. तसाच ठेवणार. पट्टी काचेवर डुगडुगली नाही. मग स्पिरिटमध्ये दहा मिनिटं, फडक्यावर वाळवला, आट्यांना लिक्विड पॅराफिन.

आणि सोमवारी सकाळी दाढी. नेहमीचा कार्ट्रिजवाला हात जोर लावतो, तो आवरायला दोन फेऱ्या गेल्या. रेझरचं वजनच पुरतं, आपण नुसता कोन धरायचा. आवाज येतो! इतकी वर्षं दाढी करतोय, केस कापल्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जबड्याच्या खाली एका जागी कापलं, तुरटी लावली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आत्याने आधी तेच पाहिलं. "उलटा फिरवलास ना? अण्णापण तिथेच कापून घ्यायचे. रोज."

औषधी_कडू

पहिले दोन आठवडे फक्त केसांच्या दिशेने. वापरून झाला की टोपी सैल करून झटका आणि उघड्यावर ठेवा, पेटीत बंद करू नका. लस घेतलीत का?

ब्रेकव्हॅन

घेतली. ब्रशची मूठ ठेवली आहे. पुण्यात नवे केस कोण बसवून देतं, कुणाला माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.